नाहीशा झालेल्या रेसकोर्सची पायी फेरी कशी आखावी: नॉटिंग हिलचं उदाहरण घेऊन

लंडनच्या नॉटिंग हिल भागात १८३७ ते १८४१ या काळात घोड्यांच्या शर्यती होत असत. त्या मैदानाचं नाव हिप्पोड्रोम. आज तिथे पांढऱ्या गिलाव्याची उंच घरं, कुलूपबंद बागा आणि वळणदार रस्ते आहेत, मैदानाची मात्र एक फळीसुद्धा उरलेली नाही. लंडनमधली बरीच मराठी मंडळी सुट्टीच्या दिवशी आपापल्या गटाला घेऊन अशी फेरी काढतात, आणि बहुतेक फेऱ्या एकाच जागी फसतात. नेणारा माणूस लॅन्सडाउन क्रेसेंटच्या वळणावर उभा राहतो, हवेत हाताने कमान काढतो आणि सांगतो, "बघा, घोडे इथूनच वळायचे."

हे चूक आहे. टेकडीभोवती वर्तुळ आखायची कल्पना थॉमस अ‍ॅलसन या वास्तुविशारदाने १८२३ मध्ये कागदावर मांडली होती. सुमारे एक मैल परिघाचं वर्तुळ आणि त्याला मधोमध छेदणारा रस्ता, असा तो आराखडा होता. म्हणजे पहिली शर्यत व्हायच्या चौदा वर्षं आधी. आजचे वळणदार रस्ते मैदान बंद झाल्यानंतरच्या दशकांत बांधले गेले, आणि त्यांचं मूळ त्या जुन्या कल्पनेत आहे, घोड्यांच्या टापांत नाही. रस्त्याचा बाक बघून धावपट्टी ओळखता येत नाही. ती ओळखायची तर जमिनीचा उतार, माती, जुनी वहिवाट आणि कडेच्या गल्ल्यांची नावं वाचावी लागतात. फेरी आखण्याचा क्रमही त्यामुळे बदलतो. तो क्रम खाली दिला आहे. उदाहरण नॉटिंग हिलचं आहे, पण पद्धत कुठल्याही नाहीशा झालेल्या मैदानाला लागू पडते. मुंबईत भायखळ्याला हेच करायचं असेल तर काय बदलायचं, ते शेवटी आहे.

## १. एका कागदावर चार उत्तरं

मार्ग आखायला घेण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. एवढं केलं तरी निम्म्या चुका टळतात.

कधी सुरू झालं, कधी संपलं? हिप्पोड्रोमची पहिली शर्यत ३ जून १८३७ रोजी झाली. शेवटच्या शर्यती १८४१ मध्ये झाल्या.

जमीन कोणाची, मैदान कोणाचं? जमीन जेम्स वेलर लॅडब्रोक यांची. जॉन व्हाइट नावाच्या गृहस्थाने ती १८३६ मध्ये भाडेपट्ट्याने घेतली आणि लाकडी कुंपण घालून मैदान उभं केलं. या दोन माणसांची गल्लत फार होते. लॅडब्रोक जमीनदार होते, शर्यती त्यांनी भरवल्या नाहीत.

लोक कुठे उभे राहायचे? टेकडीच्या माथ्यावर. मैदान टेकडीच्या पायथ्याने फिरत असल्यामुळे माथ्यावरून शर्यत दिसायची. त्या माथ्यावर आज सेंट जॉन्स चर्च आहे.

का बंद पडलं? दोन कारणं. चिकणमाती इतकी जड आणि ओली की जॉकी तिथे घोडा घालायला नाखूश असत. आणि मैदानाच्या मधून जाणारी सार्वजनिक पायवाट कुंपणाने अडवल्यामुळे स्थानिक रहिवाशांशी उभा राहिलेला तंटा.

या चौथ्या प्रश्नाला सर्वांत जास्त जागा द्या. मैदान का बंद पडलं हे नीट कळलं की कुठे थांबायचं हे आपोआप कळतं. माती दाखवायची असेल तर कुंभारांच्या वस्तीत जावं लागेल, पायवाट सांगायची असेल तर मैदानाच्या पश्चिम कडेला जावं लागेल. फक्त वैभव सांगायचं ठरवलं, तर तुमची फेरी माथ्यावरच अडकून पडेल.

तपासा: कागदावरच्या प्रत्येक ओळीपुढे ती कुठे वाचली ते लिहिलं आहे का? ज्या ओळीपुढे काहीच लिहिता येत नाही ती खोडा.

## २. नकाशे योग्य क्रमाने बघा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. एका संध्याकाळीत हे काम उरकत नाही.

अ. आधी आजचा नकाशा. रस्त्यांची नावं असलेला साधा नकाशा मोठ्या आकारात छापून घ्या. मोबाइलच्या पडद्यावर हे काम नीट होत नाही, कारण एका वेळी पूर्ण परिसर नजरेत येत नाही.

आ. मग मैदानाच्या नंतरचा नकाशा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे जुने नकाशे आजच्या नकाशावर ठेवून बघता येतात. एक पट्टी सरकवली की वरचा नकाशा पुसट होत जातो आणि खालचा दिसू लागतो. सोय मोफत आहे आणि फारच कामाची आहे. पण इथेच दुसरी ठरलेली चूक होते. लंडनचे मोठ्या मापाचे सविस्तर नकाशे १८६० च्या दशकापासूनचे आहेत. मैदान तोवर जाऊन वीस वर्षं झाली होती. त्या नकाशावर धावपट्टी शोधत बसलात तर सापडणार नाही, आणि एखादं गोल उद्यान बघून "हेच ते" असं वाटेल. हा नकाशा काय सांगतो, तर मैदानावर घरं कुठल्या क्रमाने चढत गेली, आणि पश्चिमेला कुंभारवाडा किती काळ टिकून राहिला.

इ. त्यानंतर मैदानाच्या काळातला नकाशा. १८३७ ते १८४२ या काळात छापलेला हवा. केन्सिंग्टन सेंट्रल लायब्ररीतला स्थानिक इतिहासाचा विभाग आणि द लंडन आर्काइव्हज (पूर्वीचं नाव लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्हज) या दोन ठिकाणी विचारा. जाण्याआधी वेळ ठरवून घ्यावी लागते का ते बघून ठेवा. 'सर्व्हे ऑफ लंडन' या मालिकेतला उत्तर केन्सिंग्टनवरचा खंड इंटरनेटवर मोफत वाचता येतो. लॅडब्रोक इस्टेटबद्दल, म्हणजे लॅडब्रोक यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या या वसाहतीबद्दल, त्याच्याइतकं नेटकं काम दुसरीकडे मिळणं अवघड आहे.

ई. मैदानाचे दोन आकार वेगळे काढा. सर्वांत मोठी गफलत इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हिप्पोड्रोम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच आकाराचं नव्हतं. १८३७ मध्ये ते टेकडीला वळसा घालून होतं. पायवाटेचा तंटा झाला. रहिवाशांनी परगण्याच्या अधिकाऱ्यांना सोबत घेऊन कुंपण तोडलं आणि वाट मोकळी केली. ही वाट कायद्याने बंद करण्याचा प्रयत्न संसदेपर्यंत गेला, पण तो तडीस गेला नाही. शेवटी व्हाइट यांनी माघार घेतली, वाटेच्या बाजूची जमीन सोडली आणि मैदान उत्तरेकडे लांबवलं. त्यामुळे १८३७ चा आकार आणि नंतरचा आकार एकमेकांवर बसत नाहीत. दोन वेगवेगळ्या वर्षांच्या चित्रांवरून एकच धावपट्टी जुळवायला गेलात तर ती कधीच जुळणार नाही. ट्रेसिंग पेपरचे दोन तुकडे घ्या, एकावर पहिला आकार, दुसऱ्यावर दुसरा.

उ. रेघांना खात्रीनुसार रंग द्या. जे नकाशात स्पष्ट आहे ते काळ्या पेनने. जे दोन ठिकाणच्या वर्णनांतून जुळतं ते निळ्याने. जो तुमचा अंदाज आहे तो पेन्सिलने. फेरीच्या दिवशी हाच कागद हातात असतो. पेन्सिलची रेघ दिसली की "बहुधा" हा शब्द तोंडात आलाच पाहिजे.

सावधान: जुन्या वर्तमानपत्रांत शोधताना मैदानाची दोन्ही नावं वापरा. व्हिक्टोरिया जून १८३७ मध्ये गादीवर आली आणि पुढे या मैदानाला 'व्हिक्टोरिया पार्क' हे नावही दिलं गेलं. पूर्व लंडनमध्ये १८४५ मध्ये खुलं झालेलं प्रसिद्ध व्हिक्टोरिया पार्क पूर्णपणे वेगळं आहे. बातमीची तारीख १८४२ च्या पुढची असेल तर ती तुमच्या मैदानाची नाही असं धरून चाला.

तपासा: सेंट जॉन्स चर्चची जागा दोन्ही ट्रेसिंग पेपरवर दाखवली आहे का? चर्च १८४५ चं, म्हणजे शर्यती संपल्यानंतरचं. पण माथा तोच असल्यामुळे कागद जुळवायला तो सर्वांत भरवशाचा बिंदू आहे.

## ३. एकट्याने, हातात नकाशा न घेता चाला

नकाशे पाठ झाले की ते पिशवीत ठेवा आणि सबंध परिसर एकदा नुसता पायाखालून घाला. जमीन डोळ्यांपेक्षा पायांना आधी कळते.

नॉटिंग हिल गेट स्टेशनकडून निघून माथ्यावर जा, मग पश्चिमेला लॅन्सडाउन राइजने खाली उतरा. उतरताना घरांच्या बागांच्या भिंती बघा. विटांचे थर आडवे सरळ असतात आणि पदपथ तिरका, त्यामुळे भिंत टप्प्याटप्प्याने खाली येते. एका घरासमोर ती कमरेएवढी, तर त्याच भिंतीचं दुसरं टोक खांद्याएवढं. नुसतं "इथे टेकडी होती" म्हटलं तर लोक मान डोलावतात, पण ही भिंत दाखवली की स्वतःहून मागे वळून माथ्याकडे बघतात.

ओल्या दिवशी एकदा जाऊन या. पाणी कुठल्या बाजूला वाहतं, कुठे साचतं, ते टिपून ठेवा. पश्चिमेचा सखल भाग का ओला राहायचा हे एरवी फक्त पुस्तकातलं वाक्य राहतं.

तपासा: डोळे मिटून सांगता येतं का, आत्ता उभ्या असलेल्या जागेवरून माथा कोणत्या दिशेला आहे? नसेल तर अजून एक चक्कर मारा.

## ४. थांबे: सहा पुरेत

मार्ग अंदाजे दोन किलोमीटरचा आहे. नुसतं चालायला अर्धा तास, थांब्यांसह दीड तास. थांबा निवडताना तीन गोष्टी बघा. पंधरा माणसं वाट न अडवता उभी राहू शकतील का, तिथून काही तरी प्रत्यक्ष दिसतं का, आणि ते शर्यतीशी जोडलेलं आहे का. तीनपैकी एकही "नाही" असेल तर तो थांबा सोडा.

थांबा १: पेम्ब्रिज रोड आणि केन्सिंग्टन पार्क रोड जिथे मिळतात. मैदानाचं प्रवेशद्वार इथे होतं. रहदारी जोरात असते, आवाज पोचत नाही, म्हणून इथे फक्त दोन गोष्टी सांगा: इथून आत शिरायचे, आणि आत पाऊल टाकताच समोर चढ लागायचा. मंडळींना चढाकडे तोंड करून उभं करा. बाकी सगळं पुढे.

थांबा २: केन्सिंग्टन पार्क गार्डन्स. समोर सरळ रेषेत चर्चचा मनोरा दिसतो. इथे अ‍ॅलसनचा १८२३ चा आराखडा दाखवा, छापून आणलेला, सर्वांना दिसेल इतका मोठा. वळणांचा गैरसमज इथेच मिटवा. पुढे मिटवायचा म्हणालात तर वाटेतलं प्रत्येक वळण बघून कोणी ना कोणी तेच विचारत राहील.

इथली काही घरं चार्ल्स हेन्री ब्लेक यांच्या पैशातून उभी राहिली, आणि तो पैसा बंगालमधल्या निळीच्या धंद्यातून आला होता. आपल्या मंडळींना हे ऐकायला आवडतं आणि चर्चा लगेच तिकडे वळते. तो विषय खरोखर मोठा आहे, स्वतंत्र फेरी मागणारा. इथे दोन वाक्यांत सांगा आणि पुढे निघा.

थांबा ३: सेंट जॉन्स चर्च, टेकडीचा माथा. फेरीचा मुख्य थांबा हाच. दहा-बारा मिनिटं द्या. मंडळींना आधी उत्तरेकडे बघायला सांगा: लॅडब्रोक ग्रोव्ह खाली उतरत जातो. मग पश्चिमेकडे: तिथेही उतार. मग दक्षिणेकडे. तिन्ही दिशांना जमीन खाली जाते हे त्यांच्या डोळ्यांनी बघून झाल्यावरच सांगा की लोक इथे उभे राहून खालची शर्यत बघायचे. आधी सांगितलंत तर ते बघणार नाहीत, नुसतं ऐकतील.

आता ट्रेसिंग पेपरचा पहिला तुकडा आजच्या नकाशावर ठेवून दाखवा. पहिल्या दिवशी पंच म्हणून अर्ल ऑफ चेस्टरफील्ड आणि काउंट डॉर्से ही तेव्हाच्या उच्चभ्रू लंडनमधली गाजलेली नावं होती, हे इथे एका वाक्यात येऊ द्या. म्हणजे सुरुवात किती थाटाची होती ते कळतं, आणि पुढच्या उताराला अर्थ येतो.

सावधान: चर्चमध्ये प्रार्थना, लग्न किंवा अंत्यविधी चालू असेल तर आवारात थांबू नका. समोरच्या पदपथावर उभं राहिलं तरी काम भागतं. आदल्या दिवशी वेळापत्रक बघून ठेवा.

थांबा ४: लॅन्सडाउन राइजचा मध्य. भिंत दाखवा. तीन मिनिटं. इथे बोलणं कमीत कमी ठेवा.

थांबा ५: हिप्पोड्रोम प्लेस आणि पॉटरी लेन. उतार संपल्यावर क्लॅरेंडन रोड, मग क्लॅरेंडन क्रॉसवरून इथे या. मैदानाचं नाव ज्या पाट्यांवर उरलं आहे त्यांतली एक इथे आहे, आणि लगतच्या गल्लीच्या नावात कुंभारकाम. दोन्ही पाट्या दाखवा. मैदानाच्या पश्चिम कडेला कुंभार, वीटवाले आणि डुकरं पाळणारी कुटुंबं राहत होती. पायवाट त्यांच्या रोजच्या वापरातली. कुंपण उभं राहिलं आणि ती अडली. पुन्हा मोकळी झाल्यावर हेच लोक त्या वाटेने थेट मैदानात येऊ लागले, आणि शर्यतीच्या बातम्यांत त्यांच्याबद्दल तक्रारीचा सूर दिसू लागला.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. बऱ्याच फेऱ्यांमध्ये हे लोक मैदानाची वाट लावणारी गर्दी म्हणून येतात. त्या बातम्या पैसे देऊन आत येणाऱ्यांसाठी लिहिलेल्या होत्या. ती वाट आधीपासून सर्वांची होती आणि तिच्यावर वहिवाटीचा हक्क होता. तो हक्क सोडायला नकार देणारी माणसं या गोष्टीत मध्यभागी असायला हवीत. इथे आठ-दहा मिनिटं द्या.

थांबा ६: वॉल्मर रोडवरची जुनी भट्टी. बाटलीच्या आकाराची, विटांची, एकोणिसाव्या शतकातली भट्टी अजून उभी आहे. जवळच्या गल्लीचं नाव हिप्पोड्रोम म्यूज. ज्या चिकणमातीत घोड्यांचे पाय रुतायचे, तीच माती या भट्टीत भाजली जायची. मैदान त्या मातीमुळे बुडालं आणि शेजारची वस्ती त्याच मातीवर पोट भरत होती. दोन्ही धागे इथे एकत्र येतात, म्हणून शेवट इथे करा.

समोरच अ‍ॅव्हनडेल पार्क आहे. माती खणून झालेल्या खड्ड्यात इतकं घाण पाणी साचायचं की लोक त्याला 'ओशन' म्हणत. तो बुजवून १८९२ मध्ये हे उद्यान झालं. बाकांवर बसून प्रश्नोत्तरं इथे घ्या. भारतातून महिनाभरासाठी आलेले आईवडील गटात असतील तर इथवर येईतो त्यांना बसायची गरज असतेच.

सावधान: भट्टी राहत्या घराला लागून आहे. पदपथावरून बघा. खिडक्यांच्या दिशेने फोटो काढू नका, दार वाजवून आत बघायची विनंती करू नका. इस्टेटमधल्या सामाईक बागांचंही तेच. त्यांच्या किल्ल्या तिथल्या रहिवाशांकडे असतात, आणि उघड्या फाटकातून मागोमाग आत शिरणं हा उपद्रव आहे.

## ५. बोलणं लिहून काढा, पण वाचून दाखवू नका

प्रत्येक थांब्यासाठी तीन ओळी पुरतात: काय दाखवायचं, काय सांगायचं, काय विचारायचं. क्रम हाच ठेवा. बहुतेक जण सांगण्यापासून सुरुवात करतात आणि दाखवायची वेळ येईपर्यंत अर्धी मंडळी मोबाइलमध्ये असतात.

माथ्यावरच्या थांब्याचा नमुना असा:

दाखवा: तिन्ही दिशांचा उतार.
सांगा: लोक इथे, घोडे खाली. पहिली शर्यत ३ जून १८३७.
विचारा: "तुम्ही मैदान आखत असता तर घोडे कुठून पळवले असते?"

प्रश्नाचं उत्तर लगेच देऊ नका. लोक हाताने दिशा दाखवू लागतात, आपसांत वाद घालतात. त्या वादानंतर नकाशा उघडलात तर तो सगळ्यांना बघायचा असतो.

आकडे आणि सनावळी दर थांब्याला जास्तीत जास्त दोन. पूर्ण फेरीत लोकांच्या लक्षात राहावीत अशी सालं तीनच आहेत: १८२३, १८३७, १८४१.

तपासा: तुमच्या टिपणात "घोडे इथूनच जायचे" असं वाक्य कुठे आहे का? असेल तर त्या जागेची रेघ नकाशावर काळी आहे की पेन्सिलची ते पुन्हा बघा.

## ६. दिवस, वेळ, माणसं

शनिवार टाळा. पोर्टोबेलो रोडचा बाजार असल्यामुळे स्टेशनपासूनच गर्दी सुरू होते. ऑगस्टअखेरच्या बँक हॉलिडेचा रविवार-सोमवार तर विचारातच घेऊ नका, तेव्हा नॉटिंग हिल कार्निव्हल असतो आणि बरेच रस्ते बंद असतात. एरवी रविवार सकाळ उत्तम.

गट बारा ते पंधराचा. त्याहून मोठा झाला तर पॉटरी लेनमध्ये उभं राहायला जागा नाही आणि मागच्यांना ऐकू येत नाही. जास्त लोक असतील तर दोन फेऱ्या काढा. सर्वांत मागे एक विश्वासाचा माणूस ठेवा. त्याला संपूर्ण मार्ग माहीत असला पाहिजे, नुसता फोन नंबर असून भागत नाही.

मित्रमंडळींच्या मोफत फेरीला कागदपत्रांची फारशी कटकट नाही. पैसे घेणार असाल तर सार्वजनिक दायित्वाचा विमा काढा, आणि उद्यानात गट बसवण्याबद्दल केन्सिंग्टन आणि चेल्सी बरोच्या कार्यालयाला आधी विचारा.

बोलावण्याच्या संदेशात या गोष्टी हव्यात: भेटायची नेमकी जागा (स्टेशनचं कोणतं दार), सुरुवातीची आणि शेवटची वेळ, एकूण अंतर, चढ-उतार आहे ही सूचना, शेवट कुठे होणार आणि तिथून जवळचं स्टेशन (हॉलंड पार्क). गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी नॉटिंग हिल गेटला जिने आहेत हे आधी समजून घेतलेलं बरं. अशांना थेट थांबा २ वर बोलवा.

## ७. रंगीत तालीम

ज्या वारी, ज्या वेळी फेरी असेल त्याच वारी, त्याच वेळी एकदा पूर्ण मार्ग करून बघा. सोबत एकच माणूस घ्या, शक्यतो ज्याला विषयातलं काही माहीत नाही असा. घोडामैदान जवळ आलेलं असतं, तेव्हा कौतुक करणारा श्रोता कामाचा नाही. "मला हे कळलं नाही" म्हणणारा हवा.

तालमीत तीन गोष्टी मोजा. प्रत्येक थांब्याला खरंच किती मिनिटं गेली. कुठे आवाज पोचला नाही. आणि कुठे बांधकामाची परांची किंवा उभी व्हॅन समोरचं दृश्य झाकते. या भागात घरांची दुरुस्ती सतत चालू असते. लॅन्सडाउन राइजवर भिंत दाखवायला म्हणून नेहमी दोन जागा हेरून ठेवा.

सावधान: तालीम दीड तासाची झाली तर प्रत्यक्ष फेरी पावणेदोन तासांची होईल. वेळ वाचवायचा असेल तर आख्खा थांबा काढा. सगळ्या थांब्यांवर थोडं थोडं भरभर बोलून तो वाचत नाही, आणि ऐकणाऱ्याची दमछाक होते. काढायचाच तर थांबा १ काढा. थांबा ५ कधीही काढू नका.

## ८. फेरीच्या दिवशी

वीस मिनिटं आधी पोचा. पाच मिनिटांपेक्षा जास्त कोणासाठी थांबू नका, उशिरा येणाऱ्याला दुसऱ्या थांब्यावर यायला सांगा. चालता चालता बोलू नका. पुढच्या तिघांना ऐकू येतं आणि बाकीच्यांना आपण काही तरी गमावलं असं वाटत राहतं. थांबा, सगळे गोळा होऊ द्या, मग बोला.

पाऊस लागला तर फेरी रद्द करायची गरज नाही. मातीची गोष्ट पावसात जास्त चांगली पटते. कागद मात्र प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा.

गटातल्या कोणी तुमच्या विरुद्ध माहिती सांगितली तर तिथेच वाद घालू नका. ती कुठे वाचली ते विचारून लिहून घ्या आणि घरी जाऊन पडताळा. नकाशावरच्या पेन्सिलच्या रेघा अशाच काळ्या होतात किंवा पुसल्या जातात.

## ९. भायखळ्यात करायची असेल तर

मुंबईत पहिली अडचण अशी की नाहीसा झालेला रेसकोर्स म्हटल्यावर लोक महालक्ष्मीला जातात. महालक्ष्मीचं मैदान १८८३ चं आणि ते आजही आहे. त्याआधी शर्यती भायखळ्याला होत. बॉम्बे टर्फ क्लब १८०२ चा, आणि बेलासिस रोडवरचा भायखळा क्लब १८३३ चा. तुमची फेरी या जुन्या मैदानाची आहे, हे बोलावण्याच्या संदेशातच स्पष्ट लिहा.

पद्धत तीच, पण चार ठिकाणी बदल करावे लागतात.

उतार वाचायची सोय इथे नाही. जमीन सपाट आणि सखल, त्यामुळे माथ्याचा थांबा मिळणार नाही. त्याऐवजी मोकळ्या जागेवर वस्ती कशी चढत गेली, हाच कणा धरा. दर पंचवीस-तीस वर्षांचा एक, असे तीन नकाशे छापून न्या.

रस्त्यांची नावं बदलली आहेत. बेलासिस रोड आता जहांगीर बोमन बेहराम मार्ग, क्लेअर रोड आता मिर्झा गालिब मार्ग. जुन्या नकाशावर जुनं नाव, टिपणात दोन्ही नावं, आणि वाट विचारताना लोकांच्या तोंडी असलेलं नाव वापरा.

रेल्वे गोंधळात पाडते. मुंबई सेंट्रलची इमारत क्लॉड बॅटली यांनी आखली आणि ती डिसेंबर १९३० मध्ये सुरू झाली. शर्यती इथून हलून तोवर चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. स्टेशनमुळे मैदान गेलं असं कोणी सांगितलं तर १८८३ आणि १९३० या दोन सालांकडे बोट दाखवा.

आणि घोड्यांची बाजू इथे जास्त भरघोस आहे. इराणच्या आखातातून जहाजाने येणाऱ्या अरबी घोड्यांचं मुंबई हे मोठं बंदर होतं. शर्यतीच्या मैदानासोबत व्यापारी, तबेले आणि मोतद्दार यांची वस्ती ओघाने आलीच. नॉटिंग हिलला जी जागा कुंभारांची, ती इथे या लोकांची. त्यांच्यासाठी किमान एक पूर्ण थांबा राखून ठेवा.

वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रविवारी सकाळी सातची. नऊच्या आत संपवा, नंतर ऊन आणि हातगाड्या दोन्ही वाढतात. मशिदी, चर्च आणि वस्तीच्या दारांसमोर गट उभा करू नका. थांबे रुंद पदपथावर किंवा चहाच्या टपरीजवळ ठेवा, आणि टपरीवाल्याला आदल्या आठवड्यात सांगून ठेवा की पंधरा माणसं येणार आहेत.